‘चालू आहे’: एका अडकलेल्या शब्दाचं प्रकरण

मी समुपदेशक आहे. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हा मजकूर त्यांनी आधी वाचला आहे. चालढकलीवर सल्ला भरपूर मिळतो, पण तो बहुतेक काम सुरू कसं करावं याबद्दल असतो. शब्द दिला, तो पाळला गेला नाही, आता इतके दिवस लोटले की समोरच्याला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना मात्र नेमका तोच छळत असतो. म्हणून हे सविस्तर.

पार्श्वभूमी

वय ४४, व्यवसायाने अनुवादक. इथे त्यांना अनुवादकच म्हणू. करार, अहवाल, यंत्रांची माहितीपत्रकं अशी कामं ते घरून करतात. कामाला पक्के. पैसे घेऊन केलेलं काम दहा वर्षांत एकदाच उशिरा दिलं, तेही दोन दिवसांनी आणि आधी कळवून.

त्यांना भाषेची गोडी लावणारे सर वारले. सरांनी शब्दांच्या छटा, म्हणी, वाक्प्रचार यांची आयुष्यभर टिपणं काढली होती. त्या ११ वह्या मागे राहिल्या. भेटायला गेले तेव्हा सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, वह्या पुढे ठेवल्या आणि विचारलं, “याचं काही करता येईल का रे?” अनुवादक म्हणाले, “मी करतो काकू. सगळं टाइप करून, नीट लावून महिन्याभरात आणून देतो.” मुदत काकूंनी मागितली नव्हती. ती त्यांनी आपणहून दिली.

ते माझ्याकडे आले तेव्हा या गोष्टीला दोन वर्षं चार महिने झाले होते आणि एकही पान टाइप झालेलं नव्हतं.

वह्यांचं खोकं आधी कामाच्या टेबलावर होतं. मग टेबलाखाली गेलं, मग पुस्तकांच्या कपाटावर, आणि शेवटी कपाटामागच्या फटीत, वर जुनी चादर टाकून. “धूळ बसू नये म्हणून,” असं सांगून ते थांबले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “दिसू नये म्हणून.”

सुरुवातीला काकू अधूनमधून विचारायच्या. पहिल्यांदा उत्तर होतं, “चालू आहे.” दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा “जवळजवळ झालंच आहे.” त्यानंतर त्यांनी काकूंचे फोन घेणं सोडलं. मेसेज आला की तो उघडायचा नाही, फोनच्या वरच्या पट्टीवर जेवढा दिसेल तेवढाच वाचायचा, म्हणजे वाचल्याची खूण तिकडे उमटत नाही. काकू ज्या कार्यक्रमांना येण्याची शक्यता होती तिथे जाणंही बंद झालं. सरांच्या स्मरणार्थ झालेल्या एका छोट्या सभेला ते गेले नाहीत, आणि त्या दिवशी बरं नव्हतं असं दोघांना सांगितलं.

अडचण काय होती

ते या वह्यांसाठी आलेच नव्हते. “झोप लागत नाही आणि मी आळशी झालोय,” अशी त्यांची तक्रार होती. वह्यांचा विषय पहिल्या भेटीत शेवटच्या दहा मिनिटांत निघाला. दारावरची कडी काढता काढता माणसं खरं काय ते बोलतात, तसा.

आधी मी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. सततची उदासी, कशातच रस नसणं, भूक उडणं असं काही दिसलं नाही. लहानपणापासून प्रत्येकच कामात लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, वेळेचं भान सुटणं असंही नव्हतं. हे तपासणं मी कधी गाळत नाही, कारण चालढकलीच्या आड नैराश्य किंवा अवधानाचा विकार असेल तर त्याला डॉक्टरच हवा आणि नुसत्या युक्त्यांनी माणूस आणखी खचतो. इथे तसं नव्हतं. रोजची कामं वेळेवर होत होती. झोपही विशिष्ट रात्रीच उडत होती: काकूंचा मेसेज आला की त्या रात्री.

मी त्यांना घरी जाऊन एक यादी करायला सांगितली. कुणालाही ‘करतो’ म्हटलेली आणि न केलेली प्रत्येक गोष्ट, कितीही जुनी, कितीही क्षुल्लक. “पाच-सहा असतील,” ते म्हणाले. यादी २३ वर गेली. एका विद्यार्थ्याला शिफारसपत्र. शेजाऱ्यांच्या मुलाला महिन्यातून दोनदा व्याकरण शिकवणं. एका मित्राच्या कवितांवर अभिप्राय. कुणाचं तरी पुस्तक परत करणं. एका मासिकाला लेख. आणि सगळ्यांच्या वर, दोनदा अधोरेखित, वह्या.

यादी पाहताना एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. तेवीसपैकी एकाही कामाचे पैसे मिळणार नव्हते. पैशाच्या कामाला तारीख असते, विचारणारं कुणी असतं, किती पानं आहेत हे आधी मोजलेलं असतं. शब्दावर घेतलेल्या कामाला यातलं काहीच नव्हतं. आणि बहुतेक शब्द भिडेपोटी दिले गेले होते. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून त्या क्षणी ‘हो’ म्हणायचं, आणि त्या ‘हो’चा हिशेब नंतर कधीतरी करायचा.

“मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून होतं असं,” हे त्यांचं स्वतःबद्दलचं निदान. खूप जण हेच सांगतात, आणि ते मनापासून सांगतात. पण पिअर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरच्या तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, त्यात परिपूर्णतेच्या हट्टाचा चालढकलीशी संबंध अगदीच क्षीण निघाला. काम नकोसं वाटणं आणि समोर आलेल्या ऊर्मीमागे जाणं, यांचा संबंध कितीतरी घट्ट होता. मी त्यांना हे सांगितलं, कारण ‘परफेक्शनिस्ट’ या शब्दाआड ते सुरक्षित बसले होते आणि तिथून खोक्यापर्यंत रस्ता नव्हता.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसला

इथे माझी चूक झाली. मला वाटलं, काम मोठं आहे म्हणून सुरुवात होत नाही. तुकडे पाडले की होईल. दुसऱ्या भेटीत आम्ही वेळापत्रक केलं. रोज रात्री आठ वाजता खोकं टेबलावर, २५ मिनिटं टायपिंग, मग बंद. झालं की तक्त्यात खूण. शिस्तीचा माणूस होता, त्यामुळे हे चालेल अशी माझी खात्री होती.

पुढच्या आठवड्यातली भेट त्यांनी सकाळी मेसेज करून रद्द केली. ‘अचानक काम आलं.’ मी ‘हरकत नाही, कळवा’ असं उत्तर देऊन सोडून दिलं. चार दिवसांनी मीच फोन केला, तेव्हा ते यायला तयार झाले. आले ते तीन आठवड्यांचा तक्ता घेऊन. तक्ता पट्टीने आखलेला होता, तारखा सुवाच्य अक्षरात, आणि २१ चौकटींपैकी १९ मध्ये शून्य. बसायच्या आधीच ते माझी माफी मागायला लागले.

ती माफी ऐकताना माझ्या लक्षात आलं की ज्यांना तोंड चुकवायचं त्या माणसांच्या यादीत आता माझंही नाव आलं होतं. काकूंना दिलेल्या शब्दावर मी आणखी एक शब्द चढवला होता, तोही न पाळला गेलेला. भेट रद्द झाली ती अचानक आलेल्या कामामुळे नव्हती. तक्ता दाखवायचं धाडस नव्हतं.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, “ज्या दोन रात्री खोकं उघडलंत, तेव्हा नेमकं काय झालं?”

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पहिली वही उघडली. सरांचं अक्षर. पहिल्या पानावर तारीख आहे आणि खाली ‘भीड’ या शब्दावर टिपण आहे. ते वाचायला मजा आली असती खरं तर. पण दोन ओळी झाल्या आणि काकूच दिसायला लागल्या. हे टाइप करून त्यांना नेऊन दिलं की त्या विचारणार, इतके दिवस काय करत होतास? मग वही मिटली.”

काम त्यांना जड नव्हतंच. शब्दांची टिपणं टाइप करणं हा त्यांच्या आवडीचा विषय होता. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत कदाचित काम टळत असेल, पण ‘जवळजवळ झालंच आहे’ म्हटल्यापासून ते काम टाळतच नव्हते, काकूंना टाळत होते. आणि काम पूर्ण होणं म्हणजे काकूंसमोर जाणं, म्हणून काम जितकं पुढे सरकेल तितकी भीती जवळ येणार. अशा स्थितीत २५ मिनिटांचं घड्याळ लावून काय होणार होतं?

टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २०१३ साली मांडलेला विचार इथे चपखल बसतो: चालढकल म्हणजे वेळेचं गणित चुकणं कमी, आणि नकोशा भावनेपासून या क्षणापुरती सुटका करून घेणं जास्त. वही मिटली की त्यांना त्या क्षणी खरंच हलकं वाटायचं. ती सुटकाच पुढच्या वेळी वही मिटायला शिकवत होती.

मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी अपराधीपणा आणि शरम यांत केलेला फरकही मला या भेटीत उपयोगी पडला. ‘मी चुकीचं वागलो’ ही भावना माणसाला भरपाईकडे ढकलते. ‘मीच वाईट आहे’ ही भावना लपायला लावते. अनुवादक ‘मी वह्या केल्या नाहीत’ असं क्वचित म्हणायचे. ‘मी विश्वासाला पात्र माणूस नाही’ असं भेटीत चारदा म्हणाले. मी मोजलं होतं.

कोणते पर्याय होते

याच तिसऱ्या भेटीत पुढे आणि चौथ्या भेटीच्या अर्ध्यापर्यंत आम्ही फक्त पर्यायांवर बोललो.

आठ दिवस सगळी कामं बंद ठेवून वह्या एका दमात संपवायच्या आणि पूर्ण काम घेऊनच काकूंकडे जायचं, ही त्यांची आवडती कल्पना होती. हातात काही असलं की माफी मागणं सोपं जाईल, असा त्यामागचा हिशेब. मी म्हटलं, आधी दहा पानं टाइप करून वेळ मोजू. इथेच, माझ्यासमोर. ते वही घेऊन आले होते, लॅपटॉपही होता. दहा पानांना १ तास ४० मिनिटं लागली, कारण हस्ताक्षर बारीक, समासात बाण काढून जोडलेल्या नोंदी, काही शब्द खोडून पुन्हा लिहिलेले. म्हणजे पानाला दहा मिनिटं. एका वहीत साधारण ९० पानं, ११ वह्यांची ९९० पानं, म्हणजे १६५ तास. आठवड्याला पाच तास काढले तर ३३ आठवडे, जवळजवळ आठ महिने.

ते कागदावरच्या आकड्याकडे बघत राहिले. “मी महिनाभर म्हणालो होतो.”

रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज ३४ दिवसांच्या आसपास आला, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ‘सगळंच बिघडलं तर’ म्हणून दिलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. अनुवादकांचा अंदाज त्याहून कितीतरी पटींनी चुकला होता, पण चूक त्याच जातीची. दोन वर्षं ते स्वतःला जे दूषण देत होते ते एका महिन्याचं काम न केल्याचं होतं, आणि ते काम एका महिन्याचं कधी नव्हतंच. यामुळे त्यांची जबाबदारी कमी होत नाही. पण दोष कुठे आहे ती जागा बदलते: पहिली चूक आळसाची नव्हती, न मोजता दिलेल्या मुदतीची होती.

काम दुसऱ्या कुणाला द्यायचं, हा दुसरा पर्याय. पैसे देऊन टाइप करून घ्यायचं आणि आपण केलं असं काकूंना वाटू द्यायचं. ‘वाटू द्यायचं’ या शब्दांवर ते स्वतःच अडखळले आणि तो पर्याय तिथेच संपला. काकूंना सांगून दुसऱ्याकडे द्यायला हरकत नव्हती, पण त्यासाठीही आधी काकूंशी बोलावंच लागणार होतं.

काहीच न करणं हाही एक पर्याय असतो आणि तो मोठ्याने म्हणून बघावा असं मला वाटतं. वह्या तशाच ठेवायच्या, काकू विचारायच्या थांबतील, वर्षं जातील. मी तो शांतपणे मांडला. ते म्हणाले, “मग त्या वह्या माझ्या घरात मरतील.” पुढे त्यावर चर्चा करावी लागली नाही.

उरला शब्द उघडपणे परत करण्याचा मार्ग. काम झालेलं नाही हे सांगायचं, खोटं बोललो हे सांगायचं, वह्या परत न्यायच्या आणि पुढे काय करायचं ते काकूंना ठरवू द्यायचं. यात त्यांच्या हातात काहीच राहत नव्हतं, आणि म्हणूनच तो त्यांना सगळ्यात नको होता. काकू वह्या घेऊन दार लावतील, ही शक्यता खरी होती. ती मी नाकारली नाही. ‘तसं काही होणार नाही’ असं सांगायचा मोह मला झाला होता, पण मला ते माहीत नव्हतं.

काय केलं

चौथ्या भेटीच्या उरलेल्या अर्ध्यात काकूंना काय लिहायचं ते ठरलं. फोन की मेसेज, यावर आम्ही बराच खल केला. फोनवर हे गृहस्थ समोरच्याचा आवाज ऐकून पुन्हा काहीतरी कबूल करून बसणार, हे दोघांनाही दिसत होतं. म्हणून मेसेज, आणि त्यात फक्त भेटीची वेळ मागायची.

त्यांचा पहिला मसुदा १४ ओळींचा होता. वडिलांचं आजारपण, कामाचा ताण, मधे बिघडलेला लॅपटॉप, सरांवरचं प्रेम, आणि शेवटी ‘येत्या दोन महिन्यांत नक्की पूर्ण करतो’. मी एकच विनंती केली: कारणं आणि नवं आश्वासन, दोन्ही खोडा. खोडल्यावर राहिलं ते असं:

“काकू, सरांच्या वह्यांचं काम मी दोन वर्षं चार महिन्यांत सुरूही केलेलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा ‘चालू आहे’ म्हणालो, ते खोटं होतं. सगळ्या अकरा वह्या माझ्याकडे नीट आहेत. त्या घेऊन रविवारी सकाळी येऊ का?”

तिसरं वाक्य त्यांनी स्वतः घातलं, आणि ते किती गरजेचं होतं हे मला नंतर कळलं. काकूंना वह्या हरवल्या असतील अशी भीती वर्षभर होती.

मेसेज त्यांनी माझ्या खोलीतच पाठवला. पाठवताना अंगठा थरथरत होता. घरी जाऊन पाठवतो म्हणाले असते तर तो तेविसाच्या यादीत चोविसावा झाला असता, असं त्यांचंच म्हणणं. उत्तर संध्याकाळी आलं: “ये. वह्या घेऊन ये.”

रविवारी काकू रागावल्या. मऊपणे नाही, खरोखर रागावल्या. सरांच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीने वर्षभरापूर्वी हे काम करायची तयारी दाखवली होती, आणि ‘तो करतोय, जवळजवळ झालंय’ म्हणून काकूंनीच तिला नको म्हटलं होतं. आता तिला सवड नव्हती. शिवाय या दोन वर्षांत काकूंची नजर कमी झाली होती; सरांचं बारीक अक्षर त्यांना आता वाचता येत नव्हतं. छापील मोठ्या अक्षरात मिळालं असतं तर त्यांनी स्वतः वाचलं असतं.

पुढच्या भेटीत हे सांगताना अनुवादक रडले. मी त्यांना ‘एवढं मनाला लावून घेऊ नका’ म्हणाले नाही. नुकसान झालं होतं. आपण उगाच स्वतःला खातो, समोरच्याला काही वाटतही नसतं, असा दिलासा चालढकल करणाऱ्यांना सर्रास दिला जातो. काही वेळा तो खरा असतो. इथे नव्हता, आणि ‘चालू आहे’ या दोन शब्दांनी काय केलं हे त्यांना नीट दिसणं मला महत्त्वाचं वाटलं.

काकूंनी सात वह्या ठेवून घेतल्या आणि चार त्यांच्याकडे परत दिल्या. “या कर. झाल्या की बघू.” मुदत विचारली नाही. या वेळी अनुवादकांनी ती आपणहून मोजून सांगितली: चार वह्या, ३६० पानं, ६० तास, आठवड्याला पाच तास म्हणजे १२ आठवडे, आणि दर रविवारी जेवढं झालं असेल तेवढं मोठ्या अक्षरात छापून आणून देईन.

दर रविवारची ही छापील पानं ही कल्पना त्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. आता काकूंकडे जाणं कामाच्या शेवटी राहिलं नाही, दर आठवड्याला आलं. ज्या भेटीची भीती होती तीच भेट कामाचा भाग झाली.

रोजच्या पातळीवर आम्ही मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या ‘असं झालं की मी तसं करीन’ या पद्धतीचा वापर केला. १९९९ पासून तिच्यावर बरंच काम झालं आहे, आणि २००६ साली ९४ अभ्यास एकत्र पाहिले गेले तेव्हा तिचा परिणाम चांगलाच ठळक दिसला. त्यांचं वाक्य होतं: ‘सकाळी दात घासून टेबलाशी आलो की लॅपटॉपवर मेल उघडण्याआधी सरांची वही उघडीन.’ खोक्यावरची चादर काढून ती धुवायला टाकली. वही टेबलावर उघडी, पान दाबायला पेपरवेट.

बाकीच्या बावीस गोष्टींचं थोडक्यात. सातांची वेळ कायमची निघून गेली होती. पाचांची कुणी वाटच बघत नव्हतं. आठ शब्द त्यांनी उघडपणे परत केले, तीन-तीन ओळींच्या मेसेजने. दोन पाळायचे ठरवले आणि ते पंधरा दिवसांत पाळले. त्यातलं एक पुस्तक परत करणं होतं.

वेळ निघून गेलेल्या सातांनी मात्र आम्हाला थांबवलं. शिफारसपत्र न मिळालेल्या विद्यार्थ्याची माफी मागायची, यात वाद नव्हता. पण चार वर्षांपूर्वी ज्यांच्या लग्नाला ‘नक्की येतो’ म्हणून गेलो नाही त्यांना आज पत्र लिहायचं का? अशा प्रत्येकावर मी एकच प्रश्न विचारला: हे पत्र मिळाल्यावर कुणाला बरं वाटेल, त्यांना की तुम्हाला? चौघांना लिहिलं. तिघांना लिहिलं नाही.

काय झालं

पाच महिन्यांत सात भेटी झाल्या. झोप दुसऱ्या महिन्यापासून सुधारली, म्हणजे एकही वही पूर्ण होण्याच्या आधीच. याचं मला नवल वाटलं नाही. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात, पण त्यांचा नेमका बेत ठरला की काम पूर्ण व्हायच्या आधीच ती घोळायची कमी होतात, असं मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांच्या २०११ सालच्या प्रयोगांत दिसलं होतं.

परत केलेल्या आठ शब्दांपैकी पाच जणांची उत्तरं त्याच दिवशी आली. दोघांच्या ते लक्षातही नव्हतं. एका मित्राने लिहिलं, “आता सांगून काय उपयोग?” आणि त्यानंतर तो बोलत नाही. अनुवादकांना याचं दुःख आहे. ते दुःख घालवण्यासाठी आम्ही काही केलं नाही.

नवं ‘हो’ म्हणताना ते आता दोन प्रश्न विचारतात: किती तासांचं आहे, आणि कधीपर्यंत हवं आहे. उत्तर लगेच देत नाहीत. ‘बघून परवा सांगतो’ म्हणतात, आणि परवा सांगतात. चौथ्या महिन्यात एकदा घसरले. एका ओळखीच्या लेखकाने फोनवर प्रस्तावना मागितली आणि तोंडून ‘आनंदाने’ निघून गेलं. दोन दिवसांनी फोन करून त्यांनी नाही म्हटलं. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते ओशाळलेले होते. मला मात्र पहिल्या यादीतले दोन-तीन वर्षं मुरलेले शब्द आठवत होते.

चार वह्या बारा आठवड्यांऐवजी चौदा आठवड्यांत झाल्या. दोन रविवार ते गेले नाहीत, पण दोन्ही वेळा आदल्या दिवशी फोन करून ‘या आठवड्यात काही झालं नाही’ असं सांगितलं. मायकेल वोल, पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं होतं त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. अनुवादकांच्या बाबतीत मला असं दिसलं की स्वतःला माफ करणं त्यांना आरशासमोर बसून जमलं नाही. ‘काही झालं नाही’ हे काकूंना सांगता येऊ लागलं, तेव्हा कुठे जमू लागलं.

उरलेल्या सात वह्या काकूंकडेच आहेत. त्यांनी त्या कुणाला दिलेल्या नाहीत आणि अनुवादकांनीही मागितलेल्या नाहीत. मागाव्यात की काकूंनी म्हणण्याची वाट पाहावी, हे आमच्या शेवटच्या भेटीतही ठरलं नाही.

आता वेगळं काय केलं असतं

दहा पानांचं मोजमाप मी पहिल्याच भेटीनंतर करून घेतलं असतं. १६५ तासांचा आकडा आधी समोर असता तर रोज २५ मिनिटांचं वेळापत्रक सुचवण्याआधी मीही थांबले असते. त्या वेगाने वर्षाहून जास्त लागलं असतं, आणि ते मी न मोजता त्यांच्या गळ्यात घातलं. मुदत न मोजण्याची त्यांची जी चूक, तीच मी केली.

यादीत ‘काय करायचं राहिलं’ या रकान्याशेजारी ‘यामुळे मी कुणाला भेटणं टाळतो’ असा रकाना आता मी पहिल्यापासून ठेवते. काही जणांचा तो रकाना रिकामा येतो. त्यांच्यासाठी घड्याळ आणि तुकडे पुरतात. ज्यांचा भरलेला येतो त्यांच्याशी मी कामाबद्दल नंतर बोलते.

काकूंकडे जाण्याआधी त्या रागावल्या तर काय, याची तयारी आम्ही केली होती. पण झालेलं नुकसान खरं निघालं तर काय, याची केली नव्हती. त्या रविवारी ते एकटेच घरी परतले आणि आमची भेट गुरुवारी होती. मधले चार दिवस त्यांना फार वाईट गेले. अशा भेटीनंतर त्याच संध्याकाळी दहा मिनिटांचा फोन ठरवून ठेवायला हवा होता.

आणि ती रद्द केलेली भेट. ‘अचानक काम आलं’ हे वाचून मी चार दिवस थांबले होते. आता असा मेसेज आला की मी त्याच दिवशी उत्तर पाठवते: “ठरलेलं काही झालं नसेल तरी या. तक्ता आणू नका.”